वायुदलाचा वैमानिक व्हायचे आहे? हिशेब दहावीतच मांडा

हिंगणघाटच्या बाजारात कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही. मालाची प्रत ठरते ती बाजारात, तपासणीच्या वेळी. परंतु माल तयार होतो तो कित्येक महिने आधी, शेतात. गाडी बाजारात लागल्यावर धाग्याची लांबी वाढवता येत नाही.

वायुदलाच्या वैमानिकाची निवडही अशीच आहे. तिच्यात एक यंत्राची परीक्षा असते आणि ती आयुष्यात एकदाच देता येते. या परीक्षेबद्दल तरुणांमध्ये मोठे कुतूहल आहे, भीतीही आहे. या दोहोंच्या बळावर शहरोशहरी क्लासचा धंदाही चालतो. परंतु बहुतेक मुले या यंत्रापर्यंत पोहोचतच नाहीत. ती त्याआधीच, अनेकदा अकरावीचा फॉर्म भरतानाच, या रस्त्यावरून बाजूला झालेली असतात आणि त्यांना ते कळलेलेही नसते. म्हणून या लेखात यंत्राची माहिती तर द्यायची आहेच, परंतु त्याच्या आधीचा हिशेबही मांडायचा आहे.

आधी एक गैरसमज दूर करू

आपल्या समाजातील दुकानदार, कारागीर, चालक किंवा गिरणी कामगाराच्या घरात मुलाने ‘पायलट व्हायचे’ असे म्हटले की अब्बांच्या डोळ्यांपुढे लाखांचे आकडे उभे राहतात. हे आकडे खोटे नाहीत, परंतु ते नागरी विमान वाहतुकीचे आहेत. खासगी विमान कंपनीत वैमानिक होण्यासाठी लागणारा परवाना स्वतःच्या खर्चाने मिळवावा लागतो. त्याचे शिक्षण आपल्या विदर्भातही, गोंदियाजवळ बिरसी येथे मिळते. परंतु त्याचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

सैन्यदलातील वैमानिकाचे गणित याच्या उलट आहे. येथे उड्डाणाचे सर्व शिक्षण सरकारच्या खर्चाने होते. अकादमीतील प्रशिक्षणाच्या शेवटच्या वर्षात तर सातव्या वेतन आयोगानुसार दरमहा 56,100 रुपये विद्यावेतन मिळते. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीएच्या लेखी परीक्षेचे शुल्क 100 रुपये आहे आणि मुलींना तेही माफ आहे. वायुदलाच्या ‘एएफकॅट’ परीक्षेचे शुल्क 550 रुपये अधिक कर. निवड मंडळापुढे पहिल्यांदा जाणाऱ्या उमेदवाराला रेल्वेचे भाडे परत मिळते. एनडीएत दाखल होताना कपडे, विमा आदींसाठी काही हजार रुपये भरावे लागतात, आणि कारण नसताना प्रशिक्षण सोडल्यास खर्च परत करण्याचे हमीपत्र पालकांना द्यावे लागते. एवढाच या सौद्यातील पैशाचा भाग आहे. म्हणजे या रस्त्यावर भांडवल लागते ते पैशाचे कमी आणि वेळेवर घेतलेल्या निर्णयाचे जास्त.

दुसरा गैरसमज नावाचा. ‘अग्निवीर वायु’ ही 2022 साली सुरू झालेली चार वर्षांची भरती वैमानिकांची नाही. वैमानिक हा अधिकारी असतो आणि त्याची निवड वेगळ्या मार्गाने होते. एका भरतीची जाहिरात वाचून दुसऱ्याची तयारी करणारी मुले कमी नाहीत, म्हणून हे स्पष्ट केले.

वाटा चार, फाटक एकच

पहिली वाट एनडीएची. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, अविवाहित, बारावी उत्तीर्ण किंवा बारावीत शिकत असलेला उमेदवार. परीक्षा वर्षातून दोनदा, साधारणपणे एप्रिल आणि सप्टेंबर महिन्यांत होते. अलीकडच्या जाहिरातींत वायुदलाच्या 120 जागा असतात, त्यांपैकी 92 उड्डाण शाखेच्या. अर्ज मात्र लाखांनी येतात. पुण्याजवळ खडकवासल्याला तीन वर्षे आणि त्यानंतर हैदराबादजवळ दुंडीगलच्या वायुसेना अकादमीत उड्डाणाचे शिक्षण, असा हा क्रम आहे.

दुसरी वाट पदवीनंतरची ‘एएफकॅट’. वय 20 ते 24, पदवीला 60 टक्के गुण. ही परीक्षा 2011 साली सुरू झाली आणि वर्षातून दोनदा होते. तिसरी वाट ‘सीडीएस’ परीक्षेची, तीही पदवीधरांसाठी. चौथी वाट एनसीसीची. महाविद्यालयात एअर विंगचे ‘सी’ प्रमाणपत्र मिळवणाऱ्याला वेगळा राखीव वाटा आहे आणि त्याला एएफकॅटची लेखी परीक्षा द्यावी लागत नाही.

या चारही वाटांवर एकच फाटक आहे: बारावीचे गणित आणि भौतिकशास्त्र. एनडीएतून वायुदलात जाण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. एएफकॅटला पदवी कोणतीही चालते, परंतु उड्डाण शाखेसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्रात प्रत्येकी किमान 50 टक्के गुण मागतात. दहावीनंतर ‘डॉक्टरकीचे बघू’ म्हणून गणित सोडून जीवशास्त्र घेतलेला मुलगा, किंवा घराजवळ सोय म्हणून कला-वाणिज्य शाखेत गेलेली मुलगी, पुढे कितीही हुशार निघाली तरी अर्ज करतानाच अडते. हा निर्णय पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, बहुधा कोणाशी सल्लामसलत न करता, एका दुपारी फॉर्म भरताना होऊन जातो. नुकसान मात्र पाच-सात वर्षांनी कळते.

मुलींविषयी वेगळे सांगायला हवे. वायुदलात पहिल्या महिला वैमानिक 1994 साली आल्या आणि 2016 साली तीन महिला लढाऊ विमानांच्या शाखेत दाखल झाल्या. एनडीएचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 सालच्या आदेशाने उघडले. 2022 साली मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि मे 2025 मध्ये तिच्यातील 17 जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. तेव्हा ‘मुलीला गणित कशाला’ हे म्हणण्याचे दिवस गेले.

लेखी परीक्षा : अंदाजपंचे नको

एनडीएची लेखी परीक्षा 900 गुणांची आहे. गणिताचे 120 प्रश्न, 300 गुण, वेळ अडीच तास. दुसरी प्रश्नपत्रिका सामान्य क्षमतेची, 150 प्रश्न, 600 गुण, तीही अडीच तासांची. त्यांत इंग्रजीला 200 आणि विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडींना 400 गुण. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. म्हणून न येणारे प्रश्न सोडून देणे हीही येथे एक विद्या आहे.

गणिताला मिनिट-सव्वा मिनिटात एक प्रश्न सुटला पाहिजे. त्रिकोणमिती, बीजगणित, कलन, निर्देशक भूमिती, संभाव्यता हा सारा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच आहे. त्रिकोणमिती हिंगणघाटला काही परकी नाही. त्रिकोण मोजत मोजत हिंदुस्थानची महान सर्वेक्षण मोहीम उत्तरेकडे नेणारे विल्यम लॅम्बटन 1823 साली हिंगणघाटलाच वारले आणि त्यांची कबर येथेच आहे. ज्या गणिताने त्यांनी देश मोजला, तेच गणित आज या परीक्षेत विचारले जाते.

उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये, परंतु तिच्याकडे दुर्लक्षही करू नये. गणित आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न हिंदीतूनही छापलेले असतात. इंग्रजीचे 200 गुण मात्र इंग्रजीचेच. पुढे निवड मंडळापुढे दहा अनोळखी मुलांसमोर बोलायचे असते. व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे आणि वाचलेले घरातल्या कोणालाही चार वाक्यांत सांगणे, ही सवय अकरावीपासून लावावी.

मंडळाचे पाच दिवस

लेखी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांना वायुदल निवड मंडळाचे बोलावणे येते. ही मंडळे देहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी आणि कांचरापाडा येथे आहेत. एनडीएच्या अर्जात वायुदलाला पहिला पसंतीक्रम दिलेला असेल तर याच मंडळांपुढे जावे लागते. या टप्प्याला आणखी 900 गुण आहेत, म्हणजे लेखी परीक्षेइतकेच.

पहिल्या दिवशी चाळणी असते. बुद्धिमापनाचे प्रश्न आणि एक धूसर चित्र. चित्र अर्धा मिनिट पाहायचे, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात चर्चा करायची. बरीच मुले याच दिवशी परत पाठवली जातात. जे उरतात त्यांची मानसशास्त्रीय परीक्षा होते: बारा चित्रांवर गोष्टी (त्यांतले शेवटचे पान कोरे), साठ शब्द आणि प्रत्येक शब्दावर पंधरा सेकंदांत एक वाक्य, साठ प्रसंग आणि अर्ध्या तासात त्यांची उत्तरे. त्यानंतर मैदानावर फळ्या, दोर आणि पिंप घेऊन गटाने अडथळे ओलांडायचे, छोटे भाषण करायचे; मग मुलाखत आणि अखेरीस सर्व परीक्षकांची एकत्र बैठक.

येथे पाठ केलेली उत्तरे चालत नाहीत. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारणारे असतात, आणि ओलावा मोजणारे यंत्र ते क्षणात पकडते. तीन परीक्षक तीन वेगवेगळ्या बाजूंनी एकाच मुलाला तपासतात आणि शेवटी आपापली टिपणे जुळवून पाहतात. गोष्टीतला नायक शूर, परंतु मैदानावर स्वतः मागे उभा, हे विसंगत चित्र लगेच उघडे पडते.

दुकानात अब्बांना हातभार लावणारा, घरातली जबाबदारी उचललेला, मोहल्ल्यातील क्रिकेटचा संघ चालवणारा मुलगा येथे बंगल्यातल्या मुलापेक्षा कमी नसतो. गल्ल्यावर बसून त्याने रागावलेल्या गिऱ्हाईकाला शांत केलेले असते, उधारी वसूल केलेली असते. मुलाखतीत हेच विचारतात: घरात काय करतोस, पैसे कसे खर्च करतोस, चूक झाली तेव्हा काय केलेस? खरे उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याने ते साध्या शब्दांत सांगावे. गॅरेज, शिलाई मशीन किंवा पानठेला लपवण्याचे काहीच कारण नाही.

यंत्रापुढची परीक्षा

आता त्या बहुचर्चित यंत्राकडे वळू. अनेक वर्षे ही परीक्षा ‘पीएबीटी’ या नावाने होत असे. तिचे तीन भाग होते. पहिल्यात विमानातील घड्याळासारख्या उपकरणांची चित्रे दाखवून ती वाचायला सांगत. दुसऱ्यात हातातील दांडा आणि पायातील पट्ट्या वापरून पडद्यावरचा ठिपका मध्यभागी ठेवायचा, आणि त्याच वेळी लागणाऱ्या दिव्यांकडे व वाजणाऱ्या आवाजांकडेही लक्ष द्यायचे. तिसऱ्यात वळणावळणाच्या सरकत्या वाटेवर ठिपका टिकवायचा. पुढे संरक्षण संशोधन संस्थेने, म्हणजे डीआरडीओने, तयार केलेली संगणकीकृत वैमानिक निवड प्रणाली आली. तिला ‘सीपीएसएस’ म्हणतात. रूप बदलले, हेतू तोच राहिला. हात, पाय, डोळे, कान आणि डोके ही पाचही एकाच वेळी कामाला लागली तर माणूस गोंधळतो की सावरतो, हे पाहायचे.

या परीक्षेचे गुण यादीत मिळवले जात नाहीत. ती फक्त उत्तीर्ण व्हावी लागते. परंतु अनुत्तीर्ण झाल्यास वायुदलाची उड्डाण शाखा आयुष्यभरासाठी बंद होते. भूदल, नौदलाच्या इतर शाखा आणि वायुदलाच्या जमिनीवरील शाखा मात्र खुल्या राहतात, आणि नागरी वैमानिकाचा परवाना मिळवण्यासही त्यामुळे आडकाठी येत नाही.

मग तयारी काय करावी? परीक्षेआधी सर्वांना सारखी माहिती दिली जाते, कारण नवा हात नवे काम किती लवकर शिकतो हेच तर बघायचे असते. म्हणून यंत्राची नक्कल दाखवून मोठी फी मागणाऱ्यांच्या दारात कर्ज काढून जाण्यात शहाणपण नाही. उपकरणे वाचण्याची सवय मात्र घरबसल्या, एका वहीत, फुकट लावता येते.

उंचीमापक घ्या. त्याचा छोटा काटा हजार फूट दाखवतो, मोठा काटा शंभर फूट. छोटा काटा 4 आणि 5 यांच्या मध्ये आणि मोठा काटा 5 वर असेल, तर विमान 4,500 फुटांवर आहे. होकायंत्रात उत्तर 360, पूर्व 90, दक्षिण 180 आणि पश्चिम 270. पश्चिमेकडे जाणारे विमान उजवीकडे 90 अंश वळले तर त्याचे तोंड उत्तरेला होईल. कृत्रिम क्षितिज नावाच्या उपकरणात विमानाचा डावा पंख क्षितिजरेषेखाली दिसत असेल तर विमान डावीकडे कललेले आहे. नाक रेषेच्या वर असेल तर ते वर उचललेले आहे. हे तिन्ही एकत्र वाचून ‘विमान 4,500 फुटांवर, पश्चिमेकडे तोंड, डावीकडे वळत वर चढत आहे’ असे चित्र दोन सेकंदांत डोळ्यांपुढे आणायचे. तोंडी हिशेबही हवा: ताशी 300 सागरी मैल वेग म्हणजे मिनिटाला 5 मैल, तेव्हा 40 मैलांना 8 मिनिटे. अशी वीस उदाहरणे रोज सोडवावीत. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करू नये. थकलेला हात यंत्रापुढे लगेच कळतो.

डोळे आधी दाखवा

वैद्यकीय तपासणी सर्वांत शेवटी, दिल्ली किंवा बंगळुरूच्या वायुदल संस्थेत होते. परंतु तिच्यातील मोठी कारणे आठवी-नववीतही कळू शकतात. वैमानिकाला साधारण 162.5 सेंटीमीटर उंची लागते. पायांची आणि बसल्यावरची उंचीही मोजली जाते, कारण कॉकपिटची जागा ठरलेली असते. दूरचे न दिसण्याचा चष्मा आणि रंगांधळेपणा यांमुळे उड्डाण शाखा बंद होते. लाल-हिरव्या रंगांतील फरक न कळणे जन्मजात असते, मुलांत मुलींपेक्षा जास्त आढळते, आणि खुद्द त्या मुलाला ते ठाऊकही नसते. ठिपक्यांच्या चित्रांची साधी तपासणी पाच मिनिटांत होते. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. पाच वर्षे स्वप्न पाहून शेवटच्या दिवशी कळण्यापेक्षा एक फेरी आधी केलेली बरी.

कोठे मदत मिळते

हिंगणघाटवरून जाणाऱ्या बल्लारशाहच्या रेल्वेमार्गावरच चंद्रपूरची सैनिकी शाळा आहे. ती 2019 साली सुरू झाली. तेथे सहावी आणि नववीत प्रवेश परीक्षेद्वारे जागा मिळतात, मुलींनाही. दहावीनंतरच्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 1977 पासून एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला 2023 साली सुरू झाली. खासगी क्लासच्या तुलनेत तेथील खर्च नगण्य आहे, परंतु अर्ज दहावीत असतानाच करावा लागतो. निवड मंडळाच्या तयारीसाठी नाशिक रोडला शासनाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. राहणे-जेवणासह हे प्रशिक्षण विनामूल्य असते. त्याची चौकशी वर्ध्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

नववा क्रमांक

हा धंदा आपला नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी दोन नावे आठवावीत. हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ 1942 साली वायुदलात दाखल झाले, 1978 ते 1981 वायुदलप्रमुख होते आणि पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. दुसरे नाव डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे. रामेश्वरमच्या नावाड्याचा हा मुलगा अभियंता झाल्यावर वायुदलाचा वैमानिक होण्यासाठी देहराडूनच्या निवड मंडळापुढे गेला होता. पंचवीस उमेदवार होते, आठ घ्यायचे होते आणि कलाम नववे आले, असे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहिले आहे. एका क्रमांकाने विमान हुकले. ते त्या दुःखात बसून राहिले नाहीत. क्षेपणास्त्रे उभारली, राष्ट्रपती झाले. आज उमेदवार ज्या संगणकीकृत प्रणालीपुढे बसतात तिच्यामागेही त्यांचीच दृष्टी होती. 8 जून 2006 रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-30 मधून उड्डाण केले.

आपल्या मराठवाड्यातील नांदेड जिल्ह्याच्या हस्तरा गावचे विवेक राम चौधरी 2021 ते 2024 या काळात वायुदलप्रमुख होते. खेड्याचा आणि या पदाचा काही संबंध नसतो, ही समजूत त्यामुळे पुसली जावी.

एक गोष्ट मात्र पालकांनी ध्यानात ठेवावी. निवड होणारे थोडे आणि न होणारे फार, हे या परीक्षेचे सत्य आहे. म्हणून मुलाची सारी तयारी अशी असावी की निवड झाली नाही तरी हाती काही उरेल. गणित-विज्ञानाची पक्की बारावी अभियांत्रिकीला चालते, बोलण्याचा सराव व्यापारात चालतो, कमावलेले शरीर कोठेही चालते. यंत्राच्या क्लासला दिलेले लाख रुपये मात्र दुसऱ्या कोठेच चालत नाहीत. घरात दहावीचा मुलगा किंवा मुलगी असेल तर या उन्हाळ्यात दोनच कामे करा: डोळे तपासून घ्या आणि अकरावीच्या फॉर्मवर गणिताच्या रकान्यात खूण करा. पुढची मेहनत त्यांची आहे.